उत्तरे ताडून पाहण्याचा हक्क

वर्षातील काही ठरावीक शनिवारी, दुपार होता होता, अमेरिकेतील हजारो शाळांच्या दारांतून सोळा-सतरा वर्षांची मुले बाहेर पडतात आणि पायऱ्यांवरच घोळका करून उभी राहतात. महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘सॅट’ नावाची परीक्षा नुकतीच संपलेली असते. गणिताविषयी फारसे बोलणे होत नाही. उत्तर एक तर जुळते किंवा जुळत नाही. वाद रंगतो तो वाचनाच्या उताऱ्यांवरून. लेखकाचा सूर खेदाचा होता की उपहासाचा? अमुक ओळीतील शब्दाचा ‘सर्वांत योग्य’ अर्थ कोणता? एकजण ठामपणे ‘बी’ म्हणतो, दुसरी ‘डी’ म्हणते आणि आपले कारण सांगते, तिसरा गप्प राहतो, कारण आपले उत्तर चुकल्याची त्याची एव्हाना खात्री पटत चाललेली असते.

आपल्याकडील कोणत्याही परीक्षा केंद्राबाहेरचे दृश्य याहून निराळे नसते. फरक इतकाच की, अमेरिकेतील ही मुले त्या पायरीवर उभी राहून एक नियम मोडत असतात. परीक्षेला बसताना ज्या अटी मान्य कराव्या लागतात, त्यांत प्रश्नांतील मजकूर इतरांना सांगण्यास मनाई केलेली असते. ज्या प्रश्नांवर त्यांचे भवितव्य ठरवले जाते, ते प्रश्न त्यांचे नसतात. ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मालकीचे असतात.

शाळकरी मुलांच्या या गप्पांना एवढे महत्त्व कशासाठी द्यायचे, असे काहींना वाटेल. परंतु या परीक्षेचा शतकभराचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. परीक्षा घेणाऱ्यांना सर्वांत अडचणीची वाटत आली ती परीक्षार्थींनी एकत्र येऊन केलेली हीच चर्चा. ती कोणाला करता यावी आणि कोणाला करता येऊ नये, या प्रश्नाभोवती न्यायालयीन लढे झाले, कायदे झाले आणि एक मोठा व्यवसायही उभा राहिला.

‘सॅट’ प्रथम घेतली गेली २३ जून १९२६ रोजी. तिचा जनक कार्ल ब्रिघम हा प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे त्याने १९२३ साली एक ग्रंथ लिहिला होता आणि उत्तर युरोपातून आलेले लोक इतर वंशांपेक्षा बुद्धीने श्रेष्ठ असल्याचे त्यात ‘सिद्ध’ केले होते. १९३० साली त्याने हे निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. इंग्रजी भाषेशी आणि अमेरिकी रीतिरिवाजांशी असलेला परिचय आपण बुद्धी म्हणून मोजला, हे त्याला उमगले. चूक जाहीरपणे कबूल करणारे शास्त्रज्ञ विरळा, म्हणून ब्रिघमला तेवढे श्रेय द्यायलाच हवे. तथापि त्याची माघार ग्रंथालयांत राहिली आणि त्याने तयार केलेली परीक्षा देशभर पसरली. १९४७ साली तिच्यासाठी ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या परीक्षेत जन्मजात अभिरुची आणि क्षमता मोजली जाते, अभ्यासाने किंवा शिकवणीने गुण वाढत नाहीत, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जात होते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका शिकवणीवाल्याने या दाव्यातील हवा काढून घेतली. स्टॅन्ली कॅप्लन हा ज्यू तरुण हुशार होता, पण वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारलेला होता. राहत्या घराच्या तळघरात तो मुलांना शिकवी. १९४६ साली एका विद्यार्थिनीने ‘सॅट’साठी मदत मागितली आणि त्याच्या व्यवसायाला नवी दिशा मिळाली. त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक परीक्षेनंतर तो आपल्या विद्यार्थ्यांना खाऊपिऊ घाली. परीक्षा संपल्याच्या आनंदात मुले आपापसांत प्रश्नांची चर्चा करीत, आणि कॅप्लन व त्याचे सहकारी कान देऊन ऐकत, टिपून घेत. पायरीवरच्या गप्पांचे भांडवल झाले ते असे. एकेका मुलाच्या आठवणीतील तुटक प्रश्नाला किंमत नव्हती. शेकडो मुलांच्या आठवणी एकत्र केल्या की परीक्षकाच्या विचाराची वीण दिसू लागे. १९८४ साली त्याची कंपनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ वृत्तपत्राच्या मालक कंपनीने विकत घेतली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थोडा थांबेल. उत्तरे ताडून पाहणे ही मुळात सामुदायिक क्रिया आहे. तिला खर्च येत नाही. आपल्याजवळचे थोडे दुसऱ्याला सांगावे आणि त्याच्याजवळचे थोडे घ्यावे, यात कोणाचे काही कमी होत नाही. परंतु वरून गुप्ततेचा हुकूम आला की हीच क्रिया दुर्मीळ होते, आणि जे दुर्मीळ होते त्याचा बाजार भरतो. प्रश्नपत्रिका खुली असती तर तिच्यातील मर्म विकण्याचा व्यवसाय एवढा कोणाला करता आला असता? शिकवणीवर्गांना शिव्या देणारे पुष्कळ आहेत. त्या वर्गांचा खरा पोशिंदा परीक्षकाचे गुप्ततेचे धोरण आहे, हे मात्र फारसे बोलले जात नाही. कॅप्लनपुरते बोलायचे तर ज्यांच्यासाठी श्रीमंती शाळांची दारे बंद होती, अशा मुलांच्या हाती त्याने पहिली किल्ली दिली, हे नाकारता येणार नाही. पण ती किल्ली विकत मिळत होती, आणि ज्यांच्याजवळ दाम नव्हता त्यांच्यासाठी दार पूर्वीइतकेच बंद राहिले.

वाचनाच्या परीक्षेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. गणितातील उत्तराची खातरजमा घरी बसून करता येते. उताऱ्यावरील प्रश्नात मात्र चारही पर्याय थोडेबहुत खरे वाटतात आणि त्यांतील ‘सर्वांत योग्य’ कोणता ते परीक्षक ठरवतो. विद्यार्थ्याला त्यामुळे उतारा वाचायचा नसतो, परीक्षकाचे मन वाचायचे असते. ज्या घरांत परीक्षकाच्याच वळणाची भाषा बोलली जाते, त्या घरांतील मुलाला हे मन सहज वाचता येते.

या परीक्षेच्या टीकाकारांनी एक उदाहरण वर्षानुवर्षे दिले आहे. दोन शब्दांतील नाते ओळखून तसेच नाते असलेली दुसरी जोडी निवडायची, असा पूर्वी प्रश्नप्रकार असे. त्यातील एका प्रश्नात जोडी होती ‘धावपटू आणि मॅरेथॉन’. अपेक्षित उत्तर होते ‘वल्हवणारा आणि रेगाटा’. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. हा शब्द व्हेनिसहून आला आणि धनिकांच्या नौकाक्लबांत रुजला. शिकागो किंवा डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतील काळ्या मुलाच्या तो कानावर पडण्याचा संभव किती? मराठीत ‘नौकाशर्यत’ म्हटले की अर्थ शब्दातच उघडा पडतो आणि प्रश्नातील सगळी ‘अवघडता’ नाहीशी होते. म्हणजे येथे मोजले जात होते ते दोन गोष्टींतील नाते जोडण्याचे सामर्थ्य नव्हे. मोजली जात होती ओळख, आणि तीही एका विशिष्ट वर्गाच्या सुट्टीतील करमणुकीची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जन्मभर वल्ही मारणाऱ्याचा मुलगाही या प्रश्नात नापासच झाला असता. हा एकच प्रश्न वारंवार सांगितला जातो, ही परीक्षेच्या समर्थकांची तक्रार रास्त आहे. पण एक प्रश्न तरी सांगता आला तो प्रश्न बाहेर आला म्हणून. जे बाहेर आलेच नाहीत त्यांविषयी काय बोलणार? २००५ साली हा प्रश्नप्रकारच परीक्षेतून काढून टाकण्यात आला.

प्रश्न बाहेर यावेत यासाठी न्यूयॉर्क राज्याने १९७९ साली कायदा केला. केनेथ लाव्हॅल या सिनेटरने पुढाकार घेतलेल्या या कायद्यानुसार, १९८० च्या आरंभापासून परीक्षेनंतर प्रश्न व त्यांची उत्तरे विद्यार्थ्याला मागता येऊ लागली. परीक्षा संस्थांनी याला कडाडून विरोध केला. खर्च वाढेल, प्रश्न पुन्हा वापरता येणार नाहीत, परीक्षांची संख्या कमी करावी लागेल, असे इशारे दिले गेले. वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने तर प्रताधिकाराचा मुद्दा घेऊन न्यायालय गाठले. प्रश्नपत्रिका ही आमची खाजगी मालमत्ता, तिच्यावर सार्वजनिक हक्क कसा, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. मालमत्तेच्या नावाने लोकांच्या माहितीचा अधिकार अडवण्याची ही रीत इतर क्षेत्रांतील लढ्यांमुळे पक्षाच्या कार्यकर्त्यांना चांगली परिचित आहे.

कायद्याचे फळ लवकरच दिसले. ऑक्टोबर १९८० मध्ये ‘सॅट’च्या पूर्वपरीक्षेत भूमितीचा एक प्रश्न होता. चौकोनी तळाचा, चार समभुज त्रिकोणी बाजूंचा एक मनोरा आणि चार समभुज त्रिकोणांचा दुसरा, हे एकमेकांस चिकटवले तर तयार होणाऱ्या आकृतीला किती पृष्ठे राहतील? संस्थेचे उत्तर होते सात. फ्लोरिडातील एका सतरा वर्षांच्या मुलाचे उत्तर होते पाच, कारण चिकटवल्यावर काही पृष्ठे एकाच प्रतलात येऊन मिळून जातात. प्रश्नपत्रिका व उत्तरे हाती आली तेव्हा त्याने ती ताडून पाहिली आणि हट्ट सोडला नाही. अखेर संस्थेला चूक मान्य करून सुमारे २ लाख ४० हजार विद्यार्थ्यांचे गुण वाढवावे लागले. तज्ज्ञांच्या चाळण्यांतून गेलेला तो प्रश्न होता. कायदा नसता तर त्या मुलाला ‘चूक’ एवढाच शेरा मिळाला असता, आणि तोही गुणांच्या एका आकड्यात बुडालेला.

वाचनाच्या परीक्षांतही असे घडते, फक्त तेथे चूक सिद्ध करणे कठीण जाते. न्यूयॉर्क राज्यातच, पण शाळकरी वयाच्या मुलांसाठी घेतलेल्या वाचन चाचणीत, २०१२ साली एक उतारा दिला होता. एक अननस सशाला शर्यतीचे आव्हान देतो. अननसाने काही डाव रचला असणार असे इतर प्राण्यांना वाटते. प्रत्यक्षात अननस जागचा हलत नाही, आणि शेवटी प्राणी त्याला खाऊन टाकतात. प्रश्न असा होता की, या प्राण्यांत सर्वांत शहाणा कोण? परीक्षा सुटल्यावर आठवीतील मुलांनी एकमेकांना उत्तरे विचारली, हसली, वैतागली, आणि ही चर्चा घरोघर व तेथून वृत्तपत्रांत पोहोचली. ज्याच्या कथेवरून तो उतारा बेतला होता त्या डॅनियल पिंकवॉटर या लेखकानेही त्यात काही अर्थ नसल्याचे सांगितले. राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी ते प्रश्न गुणांत धरले जाणार नाहीत असे जाहीर केले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी हे साधले, आणि तेही प्रश्न गुप्त ठेवण्याचा नियम असताना.

परंतु आता तंत्रज्ञानाने या गप्पांचा पायाच काढून घेतला आहे. २०२३ साली अमेरिकेबाहेर आणि मार्च २०२४ पासून अमेरिकेत ‘सॅट’ संगणकावर घेतली जाऊ लागली. पूर्वीचे पाच-सातशे शब्दांचे उतारे गेले. त्यांच्या जागी २५ ते १५० शब्दांचे तुकडे आले आणि प्रत्येक तुकड्यावर एकच प्रश्न. वाचन-लेखनाचे एकूण ५४ प्रश्न, वेळ ६४ मिनिटे, आणि त्याचे दोन भाग. पहिल्या भागातील कामगिरी पाहून संगणक दुसरा भाग सोपा द्यायचा की कठीण ते ठरवतो. सोपा भाग वाट्याला आला तर कितीही उत्तरे बरोबर आली तरी सर्वोच्च गुण मिळण्याची वाट बंद होते. शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणींना त्यामुळे वेगवेगळे प्रश्न येतात. पायरीवर भेटल्यावर त्या ताडून काय पाहणार? एकीला आलेला उतारा दुसरीने पाहिलेलाही नसतो. पूर्वी काही परीक्षांनंतर प्रश्नांची प्रत मिळण्याची सोय होती. संगणकीय परीक्षेत तीही राहिलेली नाही. गुणपत्रिका येते, प्रश्न येत नाहीत. पूर्वी चर्चेवर बंदी घालावी लागे. आता बंदीची गरजच फारशी उरलेली नाही.

संस्थेची बाजूही ऐकायला हवी. एक प्रश्न तयार करून आधी अजमावून पाहण्यास बराच खर्च येतो, तो एकदाच वापरून फेकून देणे परवडत नाही, आणि प्रश्न फुटतात. शेवटचा मुद्दा खरा आहे. मे २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील संपूर्ण परीक्षा प्रश्न फुटल्यामुळे रद्द करावी लागली होती. पण प्रश्न फुटण्याला किंमत येते ती तेच प्रश्न पुन्हा वापरले जातात म्हणूनच. ज्या प्रश्नपत्रिका वापरून झाल्यावर रस्त्यावर मिळतील, त्या चोरून विकत घेण्यास कोण जाईल? गुप्ततेने निर्माण केलेल्या काळ्या बाजारावर आणखी गुप्तता हा उपाय सांगणे म्हणजे टंचाईवर साठेबाजीचा उतारा सुचवणे होय.

डाव्या विचाराच्या काही मंडळींनी मग सोपी घोषणा दिली की, ही परीक्षाच नको. तिच्यामागील संताप समजण्यासारखा आहे. २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेल्या आकडेवारीनुसार १६०० पैकी १३०० वा अधिक गुण मिळण्याचा संभव सर्वांत धनाढ्य एक टक्का कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत गरीब घरांतील मुलांच्या तेरा पट होता. करोनाच्या साथीत, २०२० नंतर, बहुसंख्य विद्यापीठांनी परीक्षेची सक्ती उठवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर गुण विचारात घेणेच थांबवले. परंतु परीक्षा गेली म्हणून विषमता गेली नाही. गुणांच्या जागी निबंध, शिफारसपत्रे आणि छंदांची यादी आली. शिफारसपत्र कोणाच्या मुलाला मिळते आणि तलवारबाजीचा छंद कोणत्या घरात परवडतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. २०२४ साली डार्टमथ महाविद्यालयाने परीक्षा पुन्हा सक्तीची केली तेव्हा दिलेले कारण विचार करण्याजोगे होते. गरीब घरांतील अनेक विद्यार्थी आपले गुण पुरेसे नाहीत असे समजून कळवीतच नव्हते, आणि त्यांच्या परिस्थितीच्या मानाने ते गुण त्यांना प्रवेश मिळवून देण्यास पुरेसे होते.

येथे पायरीवरचे दृश्य पुन्हा आठवावे. आपले गुण चांगले की वाईट, हे त्या मुलांना कळले नाही, कारण विचारायला कोणी नव्हते. ज्या शाळेतून शंभर मुले अशा महाविद्यालयांकडे जातात, तेथे पायरीवर शंभर मुले बोलतात, घरी आईबाप बोलतात, गल्लीत आदल्या वर्षी गेलेला मुलगा बोलतो. ज्या शाळेतून एखाद-दुसरी मुलगी जाते, ती परीक्षा संपवून एकटीच बसथांब्याकडे चालू लागते. तिच्या बुद्धीत काही कमी नसते. तिच्याजवळ सोबत नसते, आणि ही उणीव कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदलेली नसते. परीक्षा असावी की नसावी या वादापेक्षा तिचे प्रश्न, उत्तरे आणि निकष परीक्षेनंतर खुले असावेत, ही मागणी अधिक मूलगामी आहे ती याच कारणाने. खुल्या कागदाभोवती सोबत जमवता येते.

या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून घेतल्या जाणाऱ्या सामायिक परीक्षेत भाषेच्या पेपरमध्ये उताऱ्यावरील प्रश्न असतात, आणि त्या भाषांत मराठीही आहे. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची आणि विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे जाहीर होतात व हरकत घेता येते. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला होता. या हक्काचे मोल २०२४ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दिसले. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असे छापले होते, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक’. एका शब्दाचा फरक. म्हणजे पदार्थविज्ञानाचा पेपर असला तरी प्रश्न वाचनाचाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. निर्णय शास्त्रदृष्ट्या बरोबर होता. परंतु थोरल्या भावाचे जुने पुस्तक वापरणारा मुलगा कोणत्या घरातला असतो, याचा विचार ज्या यंत्रणेने प्रश्न काढताना करायला हवा होता तिने तो केला नाही.

आणि हा हक्क फुकट नाही. सामायिक परीक्षेत एका प्रश्नावर हरकत घेण्यासाठी विद्यार्थ्याला २०० रुपये भरावे लागतात, आणि मुदत दोन-तीन दिवसांची असते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तीन प्रश्नांवर शंका असेल तर मजुराच्या मुलीने बापाची दोन दिवसांची मजुरी पणाला लावायची, आणि तीही चूक परीक्षकाची असल्याचे दाखवून देण्यासाठी. हे शुल्क रद्द झाले पाहिजे. निदान हरकत मान्य झाल्यास ते परत मिळालेच पाहिजे. ते होईपर्यंत विद्यार्थी संघटनांना आणि तालुक्याच्या कार्यकर्त्यांना एक काम हाती घेता येईल. उत्तरसूची लागेल त्या संध्याकाळी वाचनालयात वा शाळेच्या एखाद्या खोलीत मुलांना बोलवावे, भाषा व विज्ञान शिकवणाऱ्या दोघा-तिघा शिक्षकांना बसवावे आणि प्रत्येक सत्रातील शंकास्पद प्रश्नांची यादी करावी. हरकत एकाच्या नावाने गेली तरी चूक सिद्ध झाल्यास गुण सर्वांनाच मिळतात. तेव्हा शुल्क वर्गणीतून भरण्यास काही अडचण नसावी.